विश्लेषण : डेटा सेंटर चालू, तरी अक्कलकुव्यात ‘सर्व्हर डाऊन’ का?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ अक्कलकुवा तालुक्यात रेशन दुकान असो, बँक मित्राचे टेबल असो की सेतू केंद्राची खिडकी, हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे की त्याचा अर्थ विचारण्याच्या फंदात कुणी पडत नाही. डाबकडून किंवा नर्मदाकाठच्या पाड्यांवरून मोलगीला आलेल्या माणसासाठी मात्र ‘उद्या’ महाग असतो. एका दिवसाची मजुरी आणि जीपचे भाडे, दोन्ही त्यात जाते. दुसरीकडे, अशा सेवा ज्या दर्जाच्या डेटा सेंटरांत ठेवल्या जातात, त्यांचा दावा वर्षाकाठी दोन तासही बंद न राहण्याचा असतो. गंमत अशी की, हा दावा आणि मोलगीची रांग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या कशा, हे समजून घ्यायचे तर डेटा सेंटरवर देखरेख कशी ठेवतात आणि ती देखरेख नेमकी कुठे थांबते, हे पाहावे लागेल.

रेशनचे यंत्र कुणाशी बोलते?

दुकानदाराच्या हातातील ई-पॉस यंत्र स्वतः फारसे काही ठरवत नाही. कार्डधारकाने बोट ठेवले की ठशाची माहिती सांकेतिक रूपात सिम कार्डमार्फत जवळच्या मोबाइल टॉवरकडे जाते. तेथून सूक्ष्मलहरींच्या दुव्याने किंवा फायबरने ती शहराकडे निघते, अन्नधान्य वितरणाच्या सर्व्हरपर्यंत पोहोचते आणि तेथून पडताळणीसाठी आधारच्या यंत्रणेकडे जाते. आधारची मुख्य डेटा सेंटरे दोन, एक बेंगळूरुच्या हेब्बाळ भागात, दुसरे हरियाणातील मानेसरला. ‘होय’ किंवा ‘नाही’ हे उत्तर त्याच वाटेने उलट परत येते आणि मग पावती निघते. ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत गेलेले कुटुंब तिकडच्या दुकानात धान्य मागते तेव्हा ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे या वाटेत आणखी एक सर्व्हर वाढतो.

या साखळीशी नंदुरबार जिल्ह्याचे नाते जुने आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी स्वतः आले होते. तेव्हापासून रेशन, निवृत्तिवेतन, मनरेगाची मजुरी, शिष्यवृत्ती असे एकेक काम या साखळीला जोडले गेले. अंगणवाडीच्या नोंदी २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर गेल्या. सातपुड्यातील माणसाचे डेटा सेंटरवरचे अवलंबित्व हे असे आहे. शहरात सर्व्हर पडला तर चित्रपटाचे तिकीट निघत नाही, इथे माणशी पाच किलो धान्य निघत नाही.

डेटा सेंटर ‘चालू ठेवणे’ म्हणजे काय?

देशातील डेटा सेंटर क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई आणि नवी मुंबई परिसरात एकवटली आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात बाहेरून गोदामासारख्या दिसणाऱ्या या इमारती उभ्या आहेत. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, वीज तुलनेने भरवशाची आहे आणि बँकांची मुख्यालये जवळ आहेत, ही त्यामागची कारणे. सरकारी सेवांसाठी याशिवाय राज्याचे स्वतःचे डेटा सेंटर आहे, तसेच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची दिल्ली, पुणे, हैदराबाद, भुवनेश्वर येथील केंद्रे आहेत.

इमारत कुणाचीही असो, आतले तत्त्व एकच. सर्व्हरला वीज हवी आणि सर्व्हरने निर्माण केलेली उष्णता बाहेर काढायला हवी. या दोनपैकी एक गोष्ट थांबली की उरलेला सगळा डोलारा निरुपयोगी.

विजेची वाट अशी असते. बाहेरून येणारा उच्च दाबाचा पुरवठा ट्रान्सफॉर्मरमधून यूपीएसकडे येतो आणि तेथून सर्व्हरच्या कपाटांकडे, म्हणजे रॅककडे जातो. बाहेरची वीज गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या तत्काळ भार उचलतात, पण त्यांची ताकद साधारण पाच ते पंधरा मिनिटांची. तेवढ्या अवधीत डिझेल जनित्र सुरू होऊन स्थिर व्हायला हवे. चांगले जनित्र अर्ध्या मिनिटाच्या आत भार घेते. पाच ते पंधरा मिनिटे ही राखीव वेळ ऐकायला भरपूर वाटते, पण जनित्र सुरू झालेच नाही तर ती उलटी मोजणी ठरते.

त्यामुळे देखरेखीचा सर्वांत मोठा भाग या क्वचित वापरल्या जाणाऱ्या गोष्टींवर असतो. शेकडो बॅटऱ्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात आणि त्यातील एक नादुरुस्त झाली तर संपूर्ण माळ निकामी होऊ शकते. म्हणून प्रत्येक बॅटरीचा अंतर्गत रोध आणि तापमान सतत मोजले जाते. रोध वाढू लागला की ती बॅटरी मरणार हे आठवडे-महिने आधी कळते. जनित्राच्या टाकीतील डिझेलही पडून खराब होते. त्यात पाणी उतरते, गाळ धरतो आणि नेमक्या वेळी फिल्टर चोंदतो. जोडणीच्या पट्ट्यांवर उष्णता टिपणारा कॅमेरा फिरवला की सैल झालेला नटबोल्ट साध्या डोळ्यांना दिसण्याआधी लाल ठिपक्यासारखा दिसतो. ही सगळी मापने एका पडद्यावर आणणाऱ्या प्रणालीला डीसीआयएम म्हणतात, म्हणजे डेटा सेंटरच्या पायाभूत सुविधांचे व्यवस्थापन करणारी प्रणाली.

पडदा असणे आणि कुणीतरी पडद्याकडे पाहणे यात मात्र फरक आहे. मोठ्या केंद्रात दिवसाला हजारो सूचना येऊ शकतात. त्यातल्या बहुतेक किरकोळ असल्या की माणूस सगळ्याच बंद करायला शिकतो. ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे, कारण बहुतेक मोठ्या बिघाडांच्या चौकशीत पहिली सूचना आधीच येऊन गेलेली आढळते.

१२ ऑक्टोबर २०२० ला काय झाले होते?

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. कळवा येथील पारेषण यंत्रणेत आधीच काम सुरू असताना उरलेल्या वाहिन्यांवर भार आला, त्या एकामागोमाग बंद पडल्या. असे संकट आले की शहर उर्वरित ग्रिडपासून अलग होऊन स्वतःच्या वीजनिर्मितीवर चालावे, अशी ‘आयलँडिंग’ची व्यवस्था मुंबईसाठी अनेक वर्षांपासून होती. ती त्या दिवशी टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचा काळ असल्याने रुग्णालयांच्या जनित्रांकडे सगळ्यांचे डोळे लागले. अत्यावश्यक सेवांची वीज काही तासांत आली, काही भागांना रात्रीपर्यंत थांबावे लागले.

डेटा सेंटरांसाठी तो दिवस खऱ्या परीक्षेचा होता. ज्यांनी दर महिन्याला जनित्रे पूर्ण भारावर चालवून पाहिली होती, त्यांच्यासाठी तो नेहमीच्या सरावापेक्षा लांबलेला सराव. ज्यांनी ती नुसतीच पाच मिनिटे रिकामी घरघरवली होती, त्यांना डिझेलचा टँकर कधी येणार याची चिंता. दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवरून वीज घेणाऱ्यांना आणखी एक धडा मिळाला. दोन्ही वाहिन्या एकाच ग्रिडला जोडलेल्या असतील तर त्या कागदावरच दोन असतात.

अक्कलकुव्याच्या वाचकाला यात एक नोंद जोडावीशी वाटेल. महाराष्ट्राच्या ग्रिडमध्ये सरदार सरोवराची वीजही येते, प्रकल्पाच्या विजेत राज्याचा वाटा २७ टक्के आहे. त्या धरणाच्या पाण्यात राज्यातील ३३ गावे बाधित झाली, ती सर्व अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. बुडितात सर्वांत आधी सापडलेले मणिबेली अक्कलकुवा तालुक्यातलेच. ज्या काठाने वीज दिली त्या काठावर आजही काही पाड्यांना दवाखाना बोटीतून येतो. डेटा सेंटरच्या कार्यक्षमतेच्या कोणत्याही कोष्टकात हा रकाना नसतो.

उष्णतेचा प्रश्न किती गंभीर?

विजेइतकाच. किंबहुना अधिक फसवा. वीज गेली की यूपीएस सर्व्हरना जगवते, पण थंडावा देणारी यंत्रे सहसा यूपीएसवर नसतात. जनित्र आल्यावर चिलर पुन्हा पूर्ण क्षमतेला यायला काही मिनिटे लागतात. तोपर्यंत सर्व्हर उष्णता ओकत असतात आणि दाटीच्या खोलीत तापमान काही मिनिटांतच धोक्याच्या पातळीला जाते. म्हणून चांगल्या केंद्रात थंड पाण्याचा साठा ठेवलेला असतो.

लंडनमध्ये १९ जुलै २०२२ रोजी पारा चाळिशीपार गेला. त्या दिवशी गुगल आणि ओरॅकलच्या तेथील केंद्रांत शीतकरण कोलमडले. त्याहून गंभीर घटना घडली ती गाइज अँड सेंट थॉमस या मोठ्या सरकारी रुग्णालय समूहात. त्यांची दोन डेटा सेंटरे होती, एक बंद पडले तर दुसरे असावे म्हणून. उष्णतेने दोन्ही एकाच दिवशी बंद पडली. डॉक्टरांना कागद-पेनाकडे वळावे लागले आणि सगळे पूर्ववत व्हायला अनेक आठवडे गेले. पर्यायी केंद्र एकाच शहरात, एकाच हवेत असेल तर तो पर्याय ठरत नाही. भारतात मुंबईचा पर्याय म्हणून दुसऱ्या भूकंपप्रवण क्षेत्रातील शहर निवडतात ते याचसाठी.

सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सियस असावी, अशी अमेरिकेतील ‘ॲशरे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. जुन्या पद्धतीच्या खोल्यांमध्ये मात्र १८ अंशांचा गारठा ठेवण्याची सवय असते. जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, हा गैरसमज बराच चिवट आहे. प्रत्यक्षात रॅकच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या टोकाला संवेदक लावले की कळते की खाली गारठा आहे आणि वरच्या सर्व्हरला शेजाऱ्याची गरम हवाच मिळते आहे. थंड आणि गरम हवेच्या गल्ल्या वेगळ्या केल्या, मोकळ्या फटी साध्या पत्र्याच्या पट्टीने बंद केल्या तरी कितीतरी वीज वाचते. महागडा एआय त्यानंतर. गुगलने २०१६ मध्ये डीपमाइंडच्या साह्याने शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे जाहीर केले, पण तेथे फटी आधीच बुजवलेल्या होत्या.

पीयूई हा आकडा काय सांगतो?

इमारतीत येणारी एकूण वीज भागिले सर्व्हरना मिळणारी वीज म्हणजे पीयूई. तो १.५ असेल तर सर्व्हरच्या प्रत्येक युनिटमागे अर्धे युनिट थंडावा, दिवे आणि यूपीएसमधील गळतीत जाते. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांत जगाची सरासरी गेली काही वर्षे १.५ ते १.६ च्या दरम्यान अडकलेली दिसते, तर गुगलचा स्वतःचा ताफा १.१ च्या आसपास आहे. दमट, उष्ण नवी मुंबईत फिनलंडसारखी बाहेरची थंड हवा किंवा समुद्राचे गार पाणी फुकट मिळत नाही, हे मान्य.

पैशांत पाहू. १० मेगावॅट सर्व्हर-भाराच्या केंद्राचा पीयूई १.६ वरून १.४ वर आला तर २ मेगावॅट वाचतात. वर्षाला सुमारे पावणेदोन कोटी युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर १४ कोटी रुपये. देखरेखीच्या प्रणालीवर खर्च करायला खासगी कंपन्या का तयार होतात, याचे उत्तर यात आहे. पाण्याचाही हिशेब आहे. बाष्पीभवनावर चालणारे शीतकरण वीज वाचवते, पण पाणी पिते. नवी मुंबई महापालिकेने सांडपाण्यावर प्रगत प्रक्रिया करून ते औद्योगिक वसाहतीला देण्याची व्यवस्था उभारली आहे, ती या दृष्टीने उपयोगाची.

युरोपीय महासंघाने ५०० किलोवॅट आणि त्यावरील डेटा सेंटरांना वीज-पाण्याच्या वापराची माहिती कळवणे २०२४ पासून बंधनकारक केले. जर्मनीत जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या केंद्रांना १.२ चा पीयूई गाठावा लागणार आहे. महाराष्ट्र डेटा सेंटरांना वीज शुल्कात सवलत देतो. सवलतीच्या बदल्यात निदान आकडे तरी जाहीर करा, अशी अट घालण्यात गैर काहीच नाही.

दक्षिण कोरियातील आगीतून काय शिकावे?

डिजिटल सरकारच्या बाबतीत दक्षिण कोरियाचे नाव जगात आदराने घेतले जाते. तेथील देजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना एक पेटली. त्या बॅटऱ्यांची दहा वर्षांची शिफारस केलेली मुदत उलटून गेली होती. सर्व्हर वाचवण्यासाठी ६४७ सरकारी यंत्रणा बंद कराव्या लागल्या. टपाल, ओळखपत्र, आपत्कालीन सेवांतील काही भाग, सगळ्यांना झळ बसली. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवण्याची ‘जी-ड्राइव्ह’ ही साठवण पूर्ण जळाली. ८५८ टेराबाइट माहिती आणि तिची प्रत बाहेर कुठेही नव्हती, कारण आकार फार मोठा असल्याने प्रत ठेवणे अवघड, असे ठरवण्यात आले होते.

या घटनेत तंत्रज्ञान कमी पडले असे म्हणता येत नाही. बॅटरीचे वय कोष्टकात होते. प्रत नसल्याचेही माहीत होते. माहिती असणे आणि त्यावर पैसे खर्च करण्याचा निर्णय होणे यांच्यामध्ये जी फाइल अडकते, ती कोणतीही डीसीआयएम प्रणाली हलवू शकत नाही. महाराष्ट्राने याची चुणूक २१ जून २०१२ ला पाहिली आहे. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेल्या आगीत वरचे मजले आणि असंख्य कागदी फायली जळाल्या, पाच जणांचा जीव गेला. फायली डिजिटल करण्याला त्यानंतर जोर आला. आता त्या डिजिटल फायली कोणत्या बॅटरीच्या शेजारी ठेवल्या आहेत, हा पुढचा प्रश्न.

आणखी एक धडा फेसबुकचा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी एका चुकीच्या आदेशाने त्यांचे जाळे जवळपास सहा तास जगापासून तुटले. दुरुस्ती लांबली, कारण बिघाड शोधण्याची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर चालत होती. पाहणाऱ्याचे डोळे त्याच तारेवर असू नयेत, हा नियम तेव्हा सगळ्यांनी पुन्हा वाचला.

मग ९९.९८ टक्के म्हणजे किती?

डेटा सेंटरांची श्रेणी अपटाइम इन्स्टिट्यूट ठरवते. तिसऱ्या श्रेणीला बाजारात ९९.९८२ टक्के उपलब्धता मानतात, म्हणजे वर्षाला सुमारे दीड-पावणेदोन तास बंद. चौथ्या श्रेणीला ९९.९९५ टक्के, म्हणजे २६ मिनिटे. संस्था स्वतः रचना तपासून श्रेणी देते, टक्केवारी ही विक्रेत्यांच्या सोयीची भाषा आहे. सेवा-करारांत ‘नियोजित देखभाल वगळून’ असे तीन शब्दही बहुधा असतात.

आता अक्कलकुव्याच्या साखळीकडे येऊ. आकडे उदाहरणादाखल धरू. डेटा सेंटर ९९.९८ टक्के वेळ चालू, मधले फायबर ९९ टक्के, डोंगरातला टॉवर ९५ टक्के. तिन्ही एकाच वेळी चालू असतील तरच पावती निघते, म्हणून गुणाकार करायचा. उत्तर येते ९४ टक्के. वर्षातले सुमारे २२ दिवस सेवा बंद. हे रोज थोडे थोडे असेल किंवा पावसाळ्यात सलग आठवडा असेल.

आता याच उदाहरणात डेटा सेंटर चौथ्या श्रेणीचे केले, कोट्यवधी रुपये घातले, तर गावात काय फरक पडतो? वर्षाला जेमतेम सव्वा तास. त्याऐवजी टॉवर ९५ वरून ९८ टक्क्यांवर नेला तर अकरा दिवस वाचतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवला जाणारा हा गुणाकार आहे, पण निविदा काढताना तो हरवतो. कारण डेटा सेंटर एका खात्याचे, फायबर दुसऱ्याचे, टॉवर तिसऱ्याच कंपनीचा. प्रत्येकाचा अहवाल स्वच्छ, एकत्र बेरीज कुणाच्याच टेबलावर नाही.

याचा अर्थ डेटा सेंटरवरचा खर्च वायफळ, असा मुळीच नाही. टॉवर पडला तर दहा-वीस पाडे अडतात, डेटा सेंटर पडले तर एकाच वेळी अख्खे राज्य. त्यातला डेटा गेला तर टॉवरसारखा तो दुरुस्तही होत नाही. मुद्दा एवढाच की मध्यभागी लावलेली शिस्त टोकाला जवळजवळ दिसत नाही.

टॉवरच्या बॅटरीकडे कोण पाहते?

गंमत म्हणजे मोबाइल टॉवर हे एक छोटे डेटा सेंटरच आहे. बाहेरची वीज, ती बदलून देणारा रेक्टिफायर, बॅटऱ्यांची माळ, बहुधा एक जनित्र आणि उष्णता. शिसे-आम्लाची बॅटरी २५ अंशांसाठी आखलेली असते आणि ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्मे होते. नंदुरबारमध्ये मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या पेटीतील बॅटरीची काय गत होत असेल, हे सांगायला संवेदक लागत नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली की डिझेलही पोहोचत नाही आणि तुटलेले फायबर जोडणारा माणूसही. रेंजसाठी यंत्र घेऊन टेकडीवर जावे लागल्याच्या बातम्या सातपुड्यातून वर्षानुवर्षे येत आहेत.

काहीच झाले नाही असेही नाही. देशातील नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत फोरजी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली, ती बीएसएनएलमार्फत राबवली जात आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारे भारतनेट आणि राज्यातील महानेट आहेतच. पण ‘गाव जोडले’ ही एकदाच होणारी नोंद आहे. त्या गावात आज दुपारी बारा वाजता दुवा चालू आहे का, ही रोज होणारी नोंद असायला हवी. नवी मुंबईतल्या प्रत्येक बॅटरीचा रोध दर काही मिनिटांनी मोजला जातो. सातपुड्यातल्या टॉवरची बॅटरी संपली हे अनेकदा गावकऱ्याच्या फोनची दांडी गेल्यावरच कळते.

‘सर्व्हर डाऊन’चे खरे कारण कळू शकते का?

कळू शकते आणि त्यासाठी नवे काही विकत घेण्याची गरज नाही. ई-पॉसवरचा प्रत्येक फसलेला व्यवहार कारणासह नोंदवला जाऊ शकतो. बोटाचा ठसा जुळला नाही तर आधारची यंत्रणा ३०० हा त्रुटी क्रमांक देते. उत्तरच आले नाही तर वेळ संपल्याची नोंद होते. पहिला प्रश्न झिजलेल्या बोटांचा आहे, दगड-माती-ऊस हाताळणाऱ्यांच्या. दुसरा नेटवर्कचा किंवा सर्व्हरचा. एकाच वेळी नागपूरपासून सिंधुदुर्गापर्यंत उत्तर थांबले तर दोष मध्यभागी आहे. फक्त मोलगी परिसरात थांबले तर टॉवरमध्ये. दुकानदाराच्या तोंडी मात्र सगळ्याला एकच नाव, ‘सर्व्हर डाऊन’. त्याला दोष देता येत नाही, त्याच्या पडद्यावर दुसरे काही दिसतच नाही.

मोठ्या कंपन्या हे तंत्र रोज वापरतात. सर्व्हर आतून तपासण्याबरोबरच देशभरातून दर मिनिटाला खोटी मागणी पाठवून उत्तर किती वेळात येते हे पाहतात. ग्राहकाला जे दिसते तेच खरे, हे त्यांना तोटा सोसून कळले आहे. सरकारी सेवांसाठी तालुक्यातून अशी तपासणी लावणे फार खर्चाचे नाही. तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय आणि चार-पाच दूरची दुकाने एवढी ठिकाणे अक्कलकुव्याला पुरतील. त्या नोंदी तालुकानिहाय जाहीर झाल्या, तर सेवा-करारातील दंड डेटा सेंटरच्या दाराशी मोजायचा की रेशनच्या काट्याशी, हा वाद आकड्यांवर लढता येईल. कंत्राटदारांना हे आवडणार नाही, कारण आज प्रत्येकाची जबाबदारी आपल्या खोलीच्या भिंतीपाशी संपते.

तोपर्यंत कार्डधारकाने काय करायचे?

पडताळणी फसली म्हणून धान्य नाकारता येत नाही. केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना याबाबत स्पष्ट सूचना दिल्या आहेत. नेटवर्क, जोडणी किंवा ठसा यांपैकी कशामुळेही पडताळणी झाली नाही तरी कार्ड दाखवून धान्य द्यायचे आणि त्याची वेगळी नोंदवही ठेवायची, असे त्यात म्हटले आहे. डेटा सेंटरच्या भाषेत हीच ती राखीव व्यवस्था, मोलगीतले डिझेल जनित्र. आणि जनित्राप्रमाणेच, ती वेळोवेळी चालवून पाहिली नाही तर ऐनवेळी सुरू होत नाही. पान कोरे ठेवलेली नोंदवही दोन अर्थांनी वाचता येते. एक, दुकानात कधीच पडताळणी फसली नाही. दोन, फसली तेव्हा माणूस रिकामा परत गेला. पुरवठा निरीक्षकाने तपासणीच्या दिवशी ही वही आणि यंत्रातील फसलेल्या व्यवहारांची यादी शेजारी ठेवली, तर कोणता अर्थ खरा हे दहा मिनिटांत कळते.